मदत हवी आहे: गोळ्या चालू, तरी सीआरपी चढलेलाच

पारिजात: आईला संधिवात आहे. कालचा रिपोर्ट: ईएसआर ७२, सीआरपी ३४ (दोन्ही अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). गोळ्या चालू आहेत, तरी आकडे उतरत नाहीत. डोस वाढवायचा की औषधच बदलायचं? लवकर सांगा, प्लीज.

मोरपंखी: कुठल्या गोळ्या, किती मिग्रॅ, किती आठवडे? आणि संधिवात नेमका कुठला?

दर्यावर्दी: आधी युरिक अ‍ॅसिड तपासा. पाणी भरपूर द्या.

पारिजात: गाऊट (युरिक अ‍ॅसिडचा संधिवात) नाही हो! आरए म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्याची अँटी-सीसीपी रक्ततपासणी पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट १०, पाच आठवडे.

मोरपंखी: मग औषध फेल गेलं म्हणायची घाई नको. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. १० हा सुरुवातीचा डोस. सोसला तर डॉक्टर हळूहळू २०-२५ पर्यंत नेतात. १५ च्या वर गोळी पोटातून पुरती शोषली जात नाही, म्हणून मग इंजेक्शन. आठवड्यातून एकदाच देताय ना? चुकून रोज गेली तर तोंड येतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जिवावर बेततं. पाकिटावर वार लिहून ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या वारी.

रानवाट: १२ आठवडे नुसती वाट बघायची? तोवर हाड खाल्लं जातं. थोडं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) जोडून घ्या, तीन महिन्यांत उतरवून बंद.

मोरपंखी: डॉक्टरांनी दिलं तर जरूर. पण आधी साखर, बीपी बघायला हवं. आणि ते एकदम तोडायचं नसतं.

अबोली: दोघंही आकड्यांवरच भांडताय. सुजलेले सांधे किती? बोटाचा सांधा चिमटीत दाबून बघा: आतली सूज स्पंजासारखी लागते, हाड वाढलेलं असेल तर टणक. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? ईएसआर हिमोग्लोबिन कमी असलं तरी चढतो, सीआरपी कुठल्याही इन्फेक्शनने. ताप, खोकला, लघवीला जळजळ?

पारिजात: जळजळ आहे. परवापासून को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू केलंय, ते सांगायचं राहिलं.

अबोली: ही जोडी धोक्याची आहे! दोन्ही औषधं फोलेट (नव्या रक्तपेशी बनायला लागणारं जीवनसत्त्व) अडवतात, शिवाय मेथोट्रेक्सेट किडनीतून बाहेर पडायचं कमी होतं. अस्थिमज्जा दबते. आत्ताच डॉक्टरांना फोन करा, अँटिबायोटिक बदलून मागा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आजच. त्यांना विचारल्याशिवाय मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस देऊ नका.

दर्यावर्दी: युरिक अ‍ॅसिडही करून घ्या त्याच रक्तात.

मोरपंखी: आत्ता ते नको. पारिजात, तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग असतील तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

पारिजात: डाग नाहीत. जिभेच्या कडेला एक फोड आहे, कालपासून. दवाखान्यात निघतोय.