मदत हवी आहे: कथेच्या करारात हक्कांचं कलम कसं बदलून घ्यावं?

मंडळी, नमस्कार. मी इंदूरला असते. एका प्रकाशनाने गूढ-भयकथांच्या संग्रहासाठी कथा मागवल्या होत्या, त्यात माझी निवडली गेली. इथल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर (होळकरांच्या दगडी स्मारकांवर) रात्रपाळी करणाऱ्या पहारेकऱ्याला रोज दगडात एक नवी आकृती कोरलेली दिसते, आणि प्रत्येकीचा चेहरा त्याच्याच घरातल्या कुणाचा तरी असतो, अशी कथा आहे. फार जीव लावून लिहिलीये.

आता करार आलाय. त्यात ‘छापील, ई-बुक, ऑडिओ व नाट्य-चित्रपट रूपांतराचे सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढंच आहे. मुदत नाही, मानधनाचा आकडाही नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 मी वाचलं. मुदत लिहिली नसेल तर हक्क 5 वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरतात, हे कळलं. संपादकांना फोन केला, तर ‘सगळ्यांनी असाच सही करून दिलाय’ म्हणाले.

कथा आधी कुठेही, दिवाळी अंकातसुद्धा, छापलेली नाही. छापील आणि ई-बुकचे हक्क द्यायला माझी ना नाही. पण ऑडिओ आणि रूपांतर माझ्याकडेच राहायला हवं, कारण इथल्या नाटकवाल्या मित्रांबरोबर तिचं अभिवाचन ठरतंय. वकील लावणं परवडणार नाही, आणि कथा मागेही घ्यायची नाही. सही महिनाअखेरपर्यंत हवीये.

ज्यांनी असे करार केलेत, त्यांनी हे कलम नेमक्या कुठल्या शब्दांत बदलून घेतलं? आणि बदल मूळ करारातच हवा, की दोघांच्या सहीचं वेगळं पत्र जोडलं तरी चालतं?