प्रतिसाद: मुंगीखाऊ आणि आपलं अस्वल

वर कोणीतरी विचारलंय की मुंगीखाऊ प्रत्यक्षात बघण्यात एवढं काय आहे. मागे लेकीकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा डॉर्टमुंडच्या प्राणिसंग्रहालयात बघितला. तिथलं बोधचिन्हच मुंगीखाऊ आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा तोंड कोणतं नि शेपूट कोणती, हेच कळेना! झाडूसारखी झुपकेदार शेपूट, नळीसारखं तोंड, त्यात दात एकही नाही. चालणं तर असं, की मुठी आवळून निघालाय. वारुळं फोडायची नखं झिजू नयेत म्हणून तो ती आत दुमडून चालतो. जीभ जवळपास २ फूट. आमचा नातू अर्धा तास तिथून हलला नाही, आणि मीही.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पण वाळवी खाणारे आपल्याकडेही आहेत की. खवल्या मांजराला दात नसतात, जीभ तशीच लांब. तरी दोघांचं नातं जवळचं नाही.

आणि राजेहो, नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाच्या सफारीत अस्वल दिसलं तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आवाज करत. गाडीत पोट्ट्यांनी कल्ला केला नाही तर ऐकूही येईल. सकाळची फेरी घ्या, मे महिन्यात दुपारी तर मुळीच जाऊ नका. सगळे सावलीत आडवे, आणि आपण घामाघूम.