पॉवर बटण कधी दाबलेच जात नाही, कधी एकाचे दोन होते: दोष बोर्डाचा की पट्टीचा?

भाट्ये किनारा

नमस्कार. वडिलांकडे साडेचार वर्षांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड फोन आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचे उजव्या कडेचे पॉवर बटण त्रास देऊ लागले. आरंभी दोन-तीनदा दाबल्याशिवाय पडदा उजळत नसे. पुढे उलटे होऊन एकदा दाबले तरी कॅमेरा उघडू लागला, आणि मागच्या आठवड्यात तर फोन खिशात असतानाच ११२ क्रमांकाला कॉल लागला व समोरच्या बाईंची क्षमा मागता मागता वडिलांची पुरेवाट झाली. परवापासून फोन दिवसातून तीन-चार वेळा आपणहून बंद होतो, कंपनीचे चिन्ह दाखवतो आणि पुन्हा सुरू होतो.

येथील एका दुकानात फोन उघडूनही न पाहता ‘बोर्ड गेला आहे’ असे सांगून साडेचार हजारांचा खर्च सांगण्यात आला. फोनमध्ये वडिलांच्या भजनी मंडळाची कित्येक तासांची ध्वनिमुद्रणे आहेत आणि त्यांची प्रत दुसरीकडे कोठेही नाही. दोष खरोखर बोर्डाचा आहे का, आणि तोवर बटणाला हात न लावता फोन वापरता येईल का?

जुना रेडिओ

निदान मागाहून करू. फोन आत्ता सुरू असेल तर तो बंद करू नका आणि बॅटरीही संपू देऊ नका. बिघडलेल्या बटणाने चालू फोन मरत नाही, पण बंद झालेला फोन पुन्हा सुरू होईलच याची खात्री राहत नाही. आजच केबलने संगणकाला जोडून ध्वनिमुद्रणे उतरवून घ्या. फोन आपणहून सुरू झाल्यावर पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. तेव्हा तो वडिलांच्या लक्षात आहे ना, हेही विचारून ठेवा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. बाहेरून दिसणारे बटण केवळ प्लास्टिकचा किंवा धातूचा तुकडा असते. त्याच्यामागे एका लवचिक पट्टीवर (दुकानदार तिला ‘ऑन-ऑफ स्ट्रिप’ किंवा ‘फ्लेक्स’ म्हणतात) इवलासा स्विच असतो आणि त्यात घुमटाच्या आकाराची पातळ पत्र्याची चकती असते. बटण दाबले की ती चकती खाली दबून दोन टोके जोडते, वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपकडे जाणारी एक तार शून्य व्होल्टला येते, आणि बटण दाबले गेल्याचे चिपला कळते. चकती झिजली किंवा टोकांवर गंज चढला की स्पर्श नीट होत नाही, म्हणून बटण दोनदा दाबावे लागते. स्पर्श थरथरत झाला, तर एकाच दाबाचे दोन-तीन दाब मोजले जातात, म्हणून कॅमेरा उघडतो. चकती दबलेलीच अडकली, तर चिपला कोणी बटण धरून बसले आहे असे वाटते आणि काही सेकंदांनंतर ती सक्तीने फोन पुन्हा सुरू करते. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे याच क्रमाने आली आहेत, आणि म्हणूनच फोन न उघडता बोर्डावर ठपका ठेवणे मला मुळीच पटत नाही. २०१३ सालच्या नेक्सस ५ या फोनमध्येही अडकलेल्या बटणामुळे वारंवार पुन्हा सुरू होण्याचा हा प्रकार इतका आढळला होता, की लोक फोनची कड टेबलावर आपटून स्विच सोडवत असत. आपण तसे करू नये.

घरच्या घरी एवढे पाहा: प्रथम कव्हर काढा, कारण घट्ट कव्हरची कड बटण दाबून धरते व निम्म्या तक्रारी तेथेच संपतात. बटण दाबताना ‘टिक्’ असा स्पष्ट आवाज व उठाव जाणवतो का, आणि तिरके दाबल्यावरच ते चालते का, हेही तपासा. उठाव गेला असेल किंवा बटण तिरकेच दाबावे लागत असेल, तर संशय स्विचवर. मागचे झाकण फुगल्यासारखे दिसत असेल, तर मात्र बटणाचा विचार सोडून आधी बॅटरी बदला.

नुसती वाचक

बटणाशिवाय वापरण्याबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाईंनी असाच फोन आठ महिने चालवला. सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात ‘ॲक्सेसिबिलिटी मेनू’ सुरू केला, की पडद्यावर एक छोटे बटण येते आणि त्यातून फोन लॉक करणे, आवाज कमीजास्त करणे, स्क्रीनशॉट घेणे व बंद करण्याचा पर्याय उघडणे ही कामे होतात. याच मेनूतून लॉक केल्यास बोटाचा ठसा पुढेही चालतो. लॉक करण्याची काही जुनी वेगळी ॲप मात्र दर वेळी पिन मागत असत. पडदा उजळण्यासाठी दोनदा टिचकी मारण्याची सोय फोनमध्ये असेल तर तीही सुरू करा.

फोन बंद पडलाच, तर चार्जर लावून पाहा. आयफोन चार्जर लावताच सुरू होतो. अँड्रॉइडचे बहुतेक फोन केवळ बॅटरीचे चित्र दाखवतात. सॅमसंगच्या अनेक नव्या फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे दाबून धरून संगणकाची केबल जोडली, की एक इशारा येतो आणि तेथे आवाज कमी करण्याचे बटण दाबले, की फोन नेहमीसारखा सुरू होतो. शाओमी, ओप्पो, रिअलमी यांच्या बऱ्याच फोनमध्ये ठरलेल्या वेळी आपणहून सुरू होण्याची सोय असते. ती आजच सकाळी सातची लावून ठेवा.

११२ चा प्रकार अगदी साहजिक आहे. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन कॉलची सोय बंधनकारक झाली आणि स्मार्टफोनमध्ये ती पॉवर बटण भराभर तीनदा दाबण्यावर ठेवता येत असे. नव्या अँड्रॉइडमध्ये साधारणपणे पाचदा दाबावे लागते. थरथरणारा स्विच हे आकडे सहज गाठतो. दुरुस्तीपर्यंत ही सोय सेटिंग्जमध्ये बंद करता येत असेल तर करा, मात्र वडील एकटे राहत असतील तर दुरुस्तीनंतर ती आठवणीने पुन्हा सुरू करा.

भाट्ये किनारा

दोघांचेही आभार. सर्व ध्वनिमुद्रणे काल रात्री उतरवली. कव्हर काढून फरक पडला नाही. ‘टिक्’ जाणवत नाही. बटणाच्या फटीत सॅनिटायझरचे थेंब सोडावेत असे शेजारी सुचवतात. सोडावेत का?

जुना रेडिओ

कृपया नको. सॅनिटायझरमध्ये पाणी असते आणि बहुधा ग्लिसरीनही, ते आत चिकटून बसते. स्वच्छ करायचेच असेल, तर फोन उघडून, बॅटरीची जोडणी काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने करतात. पण उठाव गेलेली चकती धुऊन परत येत नाही.

दुसऱ्या दुकानात जाऊन एकच विनंती करा: बोर्डावरून पट्टीची जोडणी काढून फोन अर्धा तास चालू ठेवावा. आपणहून बंद होणे थांबले, तर दोष पट्टीत. शिवाय मल्टीमीटर स्विचच्या दोन टोकांना लावल्यास न दाबता मार्ग खुला व दाबल्यावर जवळजवळ शून्य ओहम दिसले पाहिजे. बटणातच ठशाचा सेन्सर असेल, तर त्याची वेगळी पट्टी त्याच मॉडेलची मागा. एकदा उघडलेल्या फोनचा मूळ चिकटपट्टा जातो, त्यामुळे पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहणार नाही, हे वडिलांना सांगून ठेवा.

भाट्ये किनारा

कळवायचे राहिले होते. दुसऱ्या दुकानदाराने माझ्यासमोर पट्टी सोडवली आणि फोन चाळीस मिनिटे निमूट चालू राहिला. स्विचच्या टोकांवर हिरवट थर होता. घर समुद्रापासून दोनशे पावलांवर आहे हे ऐकून ते नुसते हसले. नव्या पट्टीसह मजुरीचे ६५० रुपये झाले. आपत्कालीन कॉलची सोय पुन्हा सुरू केली आहे. ॲक्सेसिबिलिटी मेनू मात्र वडिलांना सोडवत नाही. बटण ठणठणीत असूनही फोन ते पडद्यावरूनच बंद करतात.