मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजातला विषय सोडू की लढू? (कॅलिफोर्निया, बालशिक्षण)

नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारपर्यंत मला एक निर्णय घ्यायचाय. घरात बोलून बोलून आम्ही दोघंही दमलोय, म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल.

मी सातारा जिल्ह्यात मराठी शाळेत ९ वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. डी.एड. आणि बी.ए. झालंय. नवऱ्याच्या नोकरीमुळे बे एरियात आलो त्याला ४ वर्षं झाली. गेल्या वर्षी माझं वर्क परमिट आलं तेव्हाच ठरवलं की पुन्हा लहान मुलांतच जायचं. इथे परवानाधारक प्रीस्कूलमध्ये पूर्ण पात्र शिक्षिका म्हणून काम करायला बालशिक्षणाचे निदान १२ युनिट (म्हणजे श्रेयांक) लागतात. कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर फी आहे, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला पडतो. चार विषय, दोन सत्रं, असा माझा हिशेब होता.

पहिल्या सत्रातल्या बालविकासाच्या बाई मला आयुष्यभर आठवतील. कॉलेजच्या आवारातच बालवाडी आहे. तिथे वाळूच्या टेबलापाशी वीस मिनिटं बसून एकाच मुलाकडे बघायचं आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, "मुलगा हट्टी आहे, वाटून घेत नाही." बाईंनी हिरव्या पेनाने 'हट्टी'भोवती गोल केला आणि बाजूला विचारलं, तुम्हाला नक्की काय दिसलं? मी पुन्हा जाऊन बसले. तेव्हा लक्षात आलं की तो लाल फावडं सोडत नव्हता, कारण दोनदा सोडल्यावर दोन्ही वेळा ते त्याला परत मिळालं नव्हतं. नऊ वर्षांत मी किती मुलांना हट्टी म्हटलं असेल, ते त्या रात्री डोळ्यांपुढून गेलं.

आता दुसरं सत्र. मूल, कुटुंब आणि समाज हा विषय पूर्ण ऑनलाइन आहे. नवीन विद्यार्थ्यांचा रजिस्ट्रेशनचा नंबर उशिरा लागतो, त्यामुळे हाच एक वर्ग उरला होता. विद्यार्थी शिक्षकांना तारे देतात त्या रेट माय प्रोफेसर्स या साइटवर या शिक्षकांना कमी तारे होते, पण मी म्हटलं आपण कष्ट करू.

मोठा निबंध होता. मी आमच्या शाळेतल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांवर लिहिला. दिवाळीनंतर टोळ्या यायच्या तशी मुलं वर्गात यायची आणि हंगाम संपला की जायची. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात बसायची. त्याला भूक लागली की पाटीवर लिहिता लिहिताच उठून बाहेर जायची. शाळा तिच्यासाठी काय होती, घर काय होतं, हे सगळं मी आधी मराठीत वहीत लिहिलं, मग इंग्रजीत.

त्या निबंधाला शून्य. खाली एकच ओळ: लेखन एआयचं असल्याची शंका.

तीन ई-मेल केले, १६ दिवस झाले, उत्तर नाही. अभ्यासक्रमपत्रिकेत ४८ तासांत उत्तर देऊ असं छापलंय. खरं ते सांगते: व्याकरण तपासायला मी एक ॲप वापरलं आणि त्याने सुचवलेले काही बदल घेतले. पण त्या मुलीबद्दल मशीनला काय माहीत असणार?

विषय सोडला तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची खूण) लागेल. तो किती नडतो? वर तक्रार करावी का? मी स्वतः फळ्यापाशी उभी राहिलेली बाई आहे, शिक्षकाविरुद्ध लिहायला हात धजत नाही. आणि डी.एड.चं काही इथे धरतात का?

प्रतिसाद १
ताई, मी नर्सिंगच्या आधीचे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तिन्ही विषय कम्युनिटी कॉलेजातच केले. एक डब्ल्यू माझ्याही कागदावर आहे. जीपीएमध्ये, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, तो मोजत नाहीत, पण त्या विषयाचा एक प्रयत्न म्हणून धरतात आणि प्रयत्नांना मर्यादा असते. लहान मुलांना शिकवायच्या राज्याच्या परमिटला मात्र विषयात सी श्रेणी किंवा वर लागते, डी झाला तर ते युनिट वाया. म्हणून शून्य धरून आज किती टक्के होतात ते आधी काढा आणि काउन्सेलरची वेळ घ्या. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे रांग असते, आजच घ्या.

प्रतिसाद २
मी दोन कॉलेजांत अर्धवेळ गणित शिकवतो, म्हणून पलीकडची बाजूही सांगतो. कॅलिफोर्नियात अर्धवेळ शिक्षकाला एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच कारभाराखालची कॉलेजं) पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांवर काम देता येत नाही. मग माणूस दोन-तीन ठिकाणी गाडी हाकत फिरतो, आम्हाला फ्रीवे फ्लायर म्हणतात ते त्यामुळे. उत्तराला उशीर होण्याचं हे कारण असू शकतं. शून्य देऊन गप्प बसण्याचं नाही.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध एआयचं लेखन ओळखणाऱ्या सात डिटेक्टरांतून काढले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले हे निबंध सरासरी ६१ टक्के वेळा एआयचे ठरवले गेले. साधी, नेटकी वाक्यं लिहिणारा त्यात सापडतो. ॲपचं मात्र आपणहून सांगा, लपवू नका. चौथा ई-मेल छोटा लिहा: पुरावे दाखवायला वेळ द्या, एवढंच. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच ई-मेल विभागप्रमुखांना पाठवा. ही चुगली नव्हे, रीतच आहे. विषय एवढ्यात सोडू नका.

प्रतिसाद ३
मी हाच कोर्स करून प्रीस्कूलमध्ये आहे. डी.एड.च्या गुणपत्रिका नेसेसच्या (परदेशी शिक्षण तपासणाऱ्या संस्थांचा संघ) सभासद संस्थेकडून तपासून घ्या, आणि अहवाल विषयवार मागवा, नुसता पदवीचा नको. काय धरायचं ते त्यानंतर ठरतं. १२ युनिटांवर थांबू नका. असोसिएट टीचर परमिट तेवढ्यावर मिळतं, अनुभवाचे दिवस जोडून. टीचर परमिटला २४ आणि वर सामान्य विषयांचे १६ लागतात. टीबीची चाचणी, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशीचे कागद आणि बोटांचे ठसे आत्ताच उरका, मी त्यात महिना घालवला.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. शून्य धरूनही ७४ टक्के आहेत, म्हणजे सी टिकतोय, पण काठावर. चौथा ई-मेल प्रतिसाद २ मध्ये सांगितला तसाच केला, चौथ्या दिवशी विभागप्रमुखांना पाठवला. त्याच संध्याकाळी शिक्षकांचं उत्तर आलं, गुरुवारी चार वाजता झूमवर बोलू म्हणून.

वहीची नऊ पानं स्कॅन केली आहेत. खूप खोडलंय, एका पानावर चहाचा डाग आहे. स्वच्छ अक्षरात परत उतरवून खाली इंग्रजी लिहू का?

प्रतिसाद २
अजिबात नको, खाडाखोडीसकट तशीच दाखवा. इंग्रजी अर्थ वेगळ्या कागदावर न्या. आणि इंग्रजी मसुदा गूगल डॉक्समध्ये लिहिला असेल तर त्याची व्हर्जन हिस्टरी (कधी काय लिहिलं-बदललं त्याची नोंद) आधीच उघडून ठेवा.