शेवटच्या प्रकरणातला नवरा पहिल्या प्रकरणात दिसावा का?

फोंड्याची वाचक:
आमच्या वाचकगटात नुकतेच एका मानसशास्त्रीय थरारकादंबरीचे हस्तलिखित वाचले गेले. दिवाडी बेटावरच्या जुन्या घरातील नायिकेला आपली स्मरणशक्ती ढासळत असल्याची भीती वाटू लागते आणि शेवटी कळते की, घर विकण्यासाठी तिची सही हवी असलेल्या नवऱ्यानेच हे घडवले. माझा आक्षेप धक्क्याला नाही. तोवर नवरा केवळ चहा आणून देणारा सज्जन गृहस्थ राहतो, याला आहे. दस्तयेव्हस्कीच्या १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये खुनी सहापैकी पहिल्याच भागात कळतो, तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण पुढचे सारे कथानक त्याच्या मनातून निघते.

मडगावकर:
सहमत नाही. तिथे तो कबुली देईल का, ही उत्कंठा आहे. इथे हे कोण करते आहे, ही आहे. नवऱ्याचा लोभ आधी दाखवला तर सराईत वाचक त्याला पन्नासाव्या पानावरच पकडेल. शिवाय निवेदन नायिकेचे आहे. तिला जे दिसत नाही, ते आपल्याला का दिसावे?

फोंड्याची वाचक:
तिला दिसावे, पण तिने त्याचा अर्थ चुकीचा लावावा. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी सकाळी उघडी सापडते, तेव्हा नवऱ्याने न रागावता पाहुण्यांसमोर हसून म्हणावे, “हिचं हल्ली असंच होतं.” पहिल्या वाचनात ही माया वाटेल, दुसऱ्यात, साक्षीदार जमवणे.

डिचोलीचा वकील:
हेतू पटण्याजोगा आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. मात्र मन थाऱ्यावर नसलेल्या व्यक्तीने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, त्यामुळे असे साक्षीदार नवऱ्याच्याच अंगाशी येतील. त्याला बायको घाबरलेली, परावलंबी, पण कागदोपत्री शहाणी हवी. (हस्तलिखितात तो तिला स्वतःहून डॉक्टरकडे नेतो, हे तर मुळीच पटत नाही.)

मडगावकर:
मग खूण हीच: “डॉक्टर कशाला? मी आहे ना!” पण हे वाक्य एकदाच यावे, अन्यथा रहस्य संपले.

फोंड्याची वाचक:
एकदाच आले तर वाचक ते विसरेल आणि शेवट पुन्हा आभाळातून पडल्यासारखा वाटेल. निदान तीनदा यावे, दर वेळी निराळ्या निमित्ताने, आणि तिसऱ्यांदा ते नायिकेनेच त्याच्या आधी म्हणावे.