लिश्टेनस्टाइनचा दूतावास भारतात नाही. व्हिसा कोणाकडे मागावा?

प्रश्न (लातूर): माझ्या मुलाला यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी पाच दिवस लिश्टेनस्टाइनला जायचे असून त्यानंतर तो दोन दिवस जर्मनीत थांबणार आहे. लिश्टेनस्टाइनचा दूतावासच भारतात नसल्याने अर्ज कोठे करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (नांदेड): लिश्टेनस्टाइन २०११ पासून शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, ज्यात जर्मनीही आहे) असून परदेशात त्याचे व्हिसाचे काम स्वित्झर्लंड पाहते, म्हणून अर्ज स्विस व्हिसा केंद्रातच द्यावा. जर्मनीकडे जाऊ नये. ज्या देशात मुक्काम अधिक, त्याच्याकडे अर्ज करावा, असा नियम आहे.

उत्तर (परभणी): वरील माहिती बरोबर आहे. मला एका एजंटाने दिल्लीलाच जावे लागेल असे सांगून घाबरवले होते, प्रत्यक्षात देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन काम झाले. बोटांचे ठसे घेतले जात असल्याने मुलाने स्वतः जावे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मात्र शेवटचे पंधरा दिवस उरेपर्यंत थांबू नये. शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा आणि तेथील कंपनीचे निमंत्रणपत्र जवळ असावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. निमंत्रणपत्र आजच मागवतो.