क्रॉस-कंपायलर टूलचेन नवख्यांनी एकदा तरी हाताने बांधावी का?

दांडियाबाजारकर:
माझं मत सरळ मांडतो. एम्बेडेड लिनक्समध्ये, म्हणजे यंत्रांतल्या छोट्या बोर्डांवरच्या लिनक्सच्या कामात, येणाऱ्या प्रत्येकाने क्रॉस-कंपायलर टूलचेन, म्हणजे एका संगणकावर बसून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बनवणारी साधनं, एकदा तरी स्वतः, क्रमाने सोर्स कोडपासून बांधावीत: बिनयुटिल्स (यात तुकडे जोडून प्रोग्राम करणारा लिंकर येतो), जीसीसी (कंपायलर) आणि जीलिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी). हे सगळं आपोआप बांधून देणारी क्रॉसटूल-एनजी आणि बिल्डरूट त्यानंतर.

इथे बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचं एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांचं काम चालतं. नवा इंजिनिअर टूलचेन बांधायला बसतो आणि लिंकर म्हणतो, ‘कॅनॉट फाइंड सीआरटी१.ओ’, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल सापडत नाही. तो नेटवर शोधतो आणि कुणाच्या तरी सल्ल्याने स्वतःच्या उबंटूतल्या सीआरटी१.ओची सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) टाकून मोकळा होतो. फाइल पीसीच्या एक्स८६ प्रोसेसरची, लिंकर एआरएमचा. लगेच ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड’. मग आणखी एक सिमलिंक.

क्रम ठाऊक असलेला माणूस असं करत नाही. जीलिबसी बांधायला कंपायलर लागतो आणि पुऱ्या जीसीसीला जीलिबसी लागते. हा पेच सोडवायला आधी अर्धवट जीसीसी बांधतात: फक्त सी भाषा, हेडर्सशिवाय, थ्रेड्स बंद, शेअर्ड (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी) लायब्ररी बंद. त्यातलं ‘डिसेबल-शेअर्ड’ राहून गेलं की लिबजीसीसीची, म्हणजे जीसीसीच्या स्वतःच्या लायब्ररीची, शेअर्ड आवृत्ती लिंक व्हायला जाते आणि ‘कॅनॉट फाइंड -एलसी’ येतं. येणारच, सी लायब्ररी अजून बांधलेलीच नाही! हे एकदा हाताखालून गेलं की पुढे जन्मभर कामी येतं.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली ती हाताने करून शिकण्यासाठीच. आपण बडोदेकरांनी तरी ते सोडू नये.

रात्रपाळी_मकरपुरा:
दादा, अजिबात पटलं नाही. ज्ञान हवं, पण हा रस्ता फार महाग आहे.

प्रत्येक जीलिबसीला जीसीसी आणि बिनयुटिल्सची ठराविक किमान आवृत्ती लागते. नवखा माणूस जुळणाऱ्या आवृत्त्या शोधण्यातच दमतो, लिंकरपर्यंत पोचतच नाही. क्रॉसटूल-एनजीची कॉन्फिग फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवली की तीच टूलचेन काही वर्षांनीही पुन्हा बांधता येते. आमचे कंट्रोलर ग्राहकाच्या पॅनलमध्ये वर्षानुवर्षं चालतात. हाताने बांधलेली टूलचेन, बांधणारा नोकरी सोडून गेल्यावर, कुणी उभी करायची? आणि एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) सेट असेल तर क्रॉसटूल-एनजी सुरुवातीलाच थांबवतं. हाताने बांधणाऱ्याला कोण थांबवणार?

शिवाय पुष्कळ लिंकर एरर टूलचेन बांधताना येतच नाहीत, ती वापरताना येतात. चिपवाल्याने तयार लायब्ररी दिली, ती सॉफ्ट-फ्लोट, म्हणजे दशांश आकडे साध्या रजिस्टरमधून देणारी. आपलं सगळं हार्ड-फ्लोट, म्हणजे ते व्हीएफपी या दशांश गणिताच्या युनिटच्या रजिस्टरमधून देणारं. लिंकर सांगतो की एक फाइल व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स वापरते, दुसरी वापरत नाही. ‘रीडएल्फ -ए’ (फाइलच्या आतली माहिती दाखवणारी आज्ञा) दोन्ही फाइलींवर चालवा, टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज एकीत दिसेल, दुसरीत दिसणार नाही. यासाठी जीसीसी बांधायची काय गरज?

दांडियाबाजारकर:
व्हीएफपीचा मुद्दा मान्य. पण सी लायब्ररीच्या लिबसी.एसओ फाइलचं काय?

सिसरूटमधली (बोर्डासाठीच्या लायब्ररी आणि हेडर्स ठेवलेल्या फोल्डरमधली) लिबसी.एसओ एडिटरमध्ये उघडून बघा. ती बायनरी नाही, साधा मजकूर आहे: ‘ग्रुप’ आणि कंसात /लिब/लिबसी.एसओ.६ वगैरे, सगळे पाथ स्लॅशपासून सुरू होणारे. लिंकर सिसरूटसाठी कॉन्फिगर केलेला असेल आणि ही स्क्रिप्ट सिसरूटच्या आत असेल, तरच तो त्या पाथच्या आधी सिसरूट लावतो. नाहीतर सरळ आपल्या पीसीच्या लिब फोल्डरमध्ये जातो. लोक सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने ते पाथ पुसून टाकतात. एरर जाते, कारण तसंच राहतं. जीसीसीला ‘प्रिंट-सिसरूट’ विचारा. काहीच छापलं नाही तर दुखणं तिथे आहे. आणि ‘धिस लिंकर वॉज नॉट कॉन्फिगर्ड टू यूज सिसरूट्स’ आलं तर बिनयुटिल्सच पुन्हा बांधायला हवेत. ज्याने ते कधी बांधलेच नाहीत, त्याला हे सुचणार कसं?

सूरसागर_काठ:
मी शिकवते, म्हणून वेगळं सांगते. वर्गात सगळ्यांनी पूर्ण टूलचेन बांधायची म्हटलं तर साध्या लॅपटॉपवर तास संपतो, बिल्ड संपत नाही. आणि कलाभवनात शिक्षक शेजारी उभा असे, हे विसरू नका दादा. मुलाला एकट्याला टर्मिनलसमोर सोडणं म्हणजे ती परंपरा नाही.

मला वाटतं, मोडकी टूलचेन हातात द्यावी आणि दुरुस्त करायला सांगावं. पहिली सवय लावायची ती योग्य ओळ वाचायची. बिल्ड चालवणारं मेक अनेक जॉब लावून, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं करत, चालवलं की खरी एरर बरीच वर राहते आणि तळाला फक्त ‘एरर २’ दिसतं. म्हणून एकाच जॉबवर पुन्हा चालवा. ‘कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ आलं तर कॉन्फिग.लॉग उघडा, लिंकरचं खरं वाक्य तिथे असतं. मग जीसीसीला ‘प्रिंट-फाइल-नेम=सीआरटी१.ओ’ विचारा. पूर्ण पाथ आला तर फाइल सापडली. नुसतं ‘सीआरटी१.ओ’ परत आलं तर ती सापडलीच नाही.

रात्रपाळी_मकरपुरा:
ताई, हे शंभर टक्के पटलं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात असं काम देता येईल.

दांडियाबाजारकर:
मलाही चालेल, पण मोडायची कुठे ते मी सांगतो. ‘विथ-सिसरूट’ न देता बांधलेले बिनयुटिल्स द्या. दुरुस्त करायला ते बांधावेच लागतील.

रात्रपाळी_मकरपुरा:
म्हणजे फिरून तुमचंच खरं! नाही दादा, आधी सॉफ्ट-फ्लोट लायब्ररी द्यायची. कामावर पहिल्यांदा गाठ पडते ती तिच्याशीच.